शिरोलीच्या फौंड्रीत इंड एएस : पहिल्या वर्षाचा अनुभव

जमाखर्च :

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीचा हिशेब विभाग मी गेली अठरा वर्षे सांभाळतो. कंपनीचे नाव लिहिणार नाही, कारण येथे नावापेक्षा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०२३-२४ मध्ये आमच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीने आमचे २६ टक्के भाग विकत घेतले. ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिला भारतीय लेखामानके, म्हणजे ज्यांना आपण सगळे इंड एएस म्हणतो ती, आधीपासून लागू होती. आम्ही तिची सहयोगी कंपनी झालो आणि त्यामुळे आमच्यावरही तीच मानके आली. बाजारात न नोंदलेल्या कंपनीला ही मानके अडीचशे कोटींच्या नेटवर्थपासून, म्हणजे नक्त मालमत्तेपासून, लागू होतात आणि आमची नेटवर्थ त्याच्या जवळपासही नाही, त्यामुळे हा विषय आपल्या दारात येईल असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नव्हते. २०२४-२५ ची विवरणपत्रे आम्ही प्रथमच इंड एएसप्रमाणे तयार केली आणि सभेपुढे ठेवली.

हा धागा काढण्याचे कारण असे की, कोल्हापुरातील फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना पुढे याच वाटेने जावे लागण्याची शक्यता आहे आणि या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही. मला जे वेळेवर कोणी सांगितले असते तर चार महिन्यांची धावपळ वाचली असती, ते येथे लिहितो.

पहिली गोष्ट तारखांची. पहिले वर्ष २०२४-२५ असले तरी काम सुरू होते १ एप्रिल २०२३ पासून, कारण मागील वर्षाचे तुलनात्मक आकडेही नव्या मानकांनुसारच द्यावे लागतात. इंड एएस १०१ प्रमाणे १ एप्रिल २०२३ चा प्रारंभीचा ताळेबंद, ३१ मार्च २०२४ चा आणि ३१ मार्च २०२५ चा असे तीन ताळेबंद एकाच पुस्तिकेत छापावे लागले. त्याशिवाय जुन्या पद्धतीचा नफा आणि नक्त मालमत्ता नव्या पद्धतीच्या आकड्यांशी ओळीओळीने जुळवून दाखवावी लागली. आम्ही कामाला ऑगस्ट २०२४ मध्ये हात घातला. तोपर्यंत त्या पहिल्या ताळेबंदाच्या तारखेला सोळा महिने उलटून गेले होते, आणि त्या दिवशी कोणते करार चालू होते हे फायलींतून शोधून काढावे लागले.

दुसरी गोष्ट मालकांच्या प्रश्नाची. पहिला कच्चा मसुदा पाहून त्यांनी मला विचारले, "भट्टी तीच, गिऱ्हाईक तेच, माल तोच, मग नफा कसा काय बदलला?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. आज देता येते. जुन्या पद्धतीत आम्ही व्हाउचरवरून हिशेब लिहीत होतो. नव्या पद्धतीत आधी करार वाचावा लागतो आणि त्या करारात खरोखर काय ठरले आहे यावरून नोंद ठरते. आमच्याकडे भाड्याचे करार प्रशासन विभागात, ग्राहकांचे करार मार्केटिंगमध्ये, बँकेची मंजुरीपत्रे मालकांच्या कपाटात आणि अनुदानाची पत्रे एका सल्लागाराकडे होती. हिशेब विभागात यांपैकी एकही कागद पूर्ण स्वरूपात नव्हता.

सर्वात मोठा फरक बिल डिस्काउंटिंगमुळे पडला. आम्ही ग्राहकांची नव्वद दिवसांची बिले बँकेत वटवतो. बँक पैसे देते तेव्हा आम्ही येण्यांच्या खात्यातून ती रक्कम कमी करत होतो आणि ताळेबंदाखाली संभाव्य देणे म्हणून तिचा उल्लेख करत होतो. इंड एएस १०९ विचारते की, ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर नुकसान कोणाचे. आमच्या मंजुरीपत्रात स्पष्ट लिहिले आहे की, बिल न वटल्यास बँक रक्कम आमच्या खात्यातून वसूल करेल. जोखीम आमच्याकडेच असल्याने ते येणे ताळेबंदावरून काढता येत नाही, आणि बँकेकडून आलेली रक्कम कर्ज म्हणून दाखवावी लागते. उदाहरणादाखल, चालू मालमत्ता ४० कोटी आणि चालू देणी ३० कोटी असतील तर चालू गुणोत्तर, म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारा आकडा, १.३३ येते. त्यात वटवलेली १२ कोटींची बिले दोन्ही बाजूंना परत आली की ५२ भागिले ४२, म्हणजे १.२४ होते. एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नाही, तरी आकडा घसरतो. आमच्या मालकांना सर्वात जास्त धक्का याचाच बसला.

बाकीचे मुद्दे प्रतिसादांतून येतीलच. आपले अनुभव अवश्य लिहा.

उद्यमनगरकर :

जमाखर्च साहेब, चांगला विषय काढलात. शिवाजी उद्यमनगरात आमचा वडिलोपार्जित कारखाना आहे. खासगी मर्यादित कंपनी आहे, उलाढाल वीस-बावीस कोटी. आम्हाला हे लागू होते का? आमचे ऑडिटर नाही म्हणतात, पण एका परिचिताने छातीठोकपणे सांगितले की आता सर्व कंपन्यांना करावेच लागते.

करवीर सीए :

उद्यमनगरकर, आपले ऑडिटर बरोबर सांगत आहेत. केंद्र सरकारने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कंपनी कायद्याखाली या मानकांचे नियम काढले. १ एप्रिल २०१६ पासून पाचशे कोटी किंवा त्याहून अधिक नेटवर्थ असलेल्या कंपन्या त्यांच्या कक्षेत आल्या. १ एप्रिल २०१७ पासून शेअर बाजाराच्या मुख्य मंचावर नोंदलेल्या उरलेल्या सर्व कंपन्या आणि अडीचशे कोटींपासून पुढे नेटवर्थ असलेल्या न नोंदलेल्या कंपन्या आल्या. लघु व मध्यम उद्योगांसाठी बाजारात जो वेगळा मंच आहे, त्यावर नोंदलेल्या कंपन्यांना सक्ती नाही. मात्र त्या मंचावरून मुख्य मंचावर जायचे ठरवले की हा विषय समोर येतो, आणि आपल्या भागातील काही उद्योजकांनी त्या निर्णयापूर्वी याचा विचार केलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

जमाखर्च यांच्या बाबतीत जे घडले ते त्याच नियमातील पुढच्या कलमामुळे घडले. ज्या कंपनीला ही मानके लागू आहेत, तिची धारक कंपनी, उपकंपनी, संयुक्त उपक्रम आणि सहयोगी कंपनी यांनाही ती लागू होतात, मग त्यांचा आकार कितीही लहान असो. म्हणून कोणी मोठी कंपनी तुमचे वीस टक्के किंवा अधिक भाग घेण्याची बोलणी करत असेल, तर भागांच्या किमतीबरोबर हा खर्चही बोलण्यात आला पाहिजे. एकदा इंड एएस स्वीकारले की पुढे मागे फिरता येत नाही.

आपल्याला जुनी लेखामानकेच लागू राहतील. ती २०२१ च्या नियमांत नव्याने अधिसूचित झाली आहेत. उलाढाल अडीचशे कोटींपर्यंत आणि कर्जे पन्नास कोटींपर्यंत असलेल्या, बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांना त्यांतही काही सवलती आहेत.

ऊस आणि हिशेब :

आमच्या तालुक्यातील साखर कारखान्याच्या संदर्भात विचारतो. उलाढाल पाहता कारखाना कितीतरी मोठा आहे. तेथे हे का लागू नाही?

करवीर सीए :

कारण सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेला असतो आणि इंड एएसचे नियम कंपनी कायद्याखालचे आहेत. खासगी साखर कंपनी निकषांत बसत असेल तर तिला ते लागू होतात. दोन शेजारच्या कारखान्यांचे ताळेबंद शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हा फरक अवश्य लक्षात घ्यावा.

भवानी मंडप :

मी बँकेत कर्ज विभागात तीस वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. जमाखर्च यांनी चालू गुणोत्तराबद्दल जे लिहिले आहे, त्यात बँकेच्या बाजूने थोडी भर घालतो. खेळत्या भांडवलासाठी आपण बँकेला जो सीएमए डेटा देता, त्याच्या नमुन्यात बँकेने वटवलेली बिले येण्यांतही धरायची असतात आणि बँकेच्या अल्पमुदतीच्या कर्जांतही. म्हणजे चालू गुणोत्तराचा १.३३ चा निकष तपासताना जाणकार अधिकारी ही रक्कम आधीपासूनच दोन्हीकडे धरत होता. इंड एएसने ताळेबंदालाही त्याच जागी आणले आहे, एवढेच. त्यामुळे या एका कारणाने कर्जमर्यादा कमी होईल अशी भीती बाळगू नये.

खरा धोका मंजुरीपत्रातील अटींत असतो. एकूण देणी आणि नक्त मालमत्ता यांचे गुणोत्तर अमुक इतकेच हवे आणि ते लेखापरीक्षित ताळेबंदावरून मोजले जाईल, असे तेथे लिहिलेले असेल, तर मानके बदलल्यामुळे अट मोडल्याचे कागदोपत्री दिसू शकते. अशा वेळी वर्ष संपण्याच्या आधी बँकेला पत्र द्यावे, जुन्या आणि नव्या पद्धतीचे आकडे सोबत जोडावेत आणि अट त्यानुसार दुरुस्त करून घ्यावी. ३१ मार्चनंतर गेलात तर तीच गोष्ट सवलत मागितल्यासारखी होते. शिवाय इंड एएसमध्ये वर्षअखेरीस अट मोडलेली असेल आणि बँक त्यामुळे कर्ज परत मागू शकत असेल, तर दीर्घ मुदतीचे कर्जसुद्धा चालू देण्यांत जाऊन बसू शकते. मग चालू गुणोत्तराची अवस्था काय होईल, हे सांगायला नको.

जमाखर्च :

भवानी मंडप सर, मनापासून आभार. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी हे इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते. आमच्या मंजुरीपत्रात एकूण देण्यांची अट आहे. तिच्यासाठी पत्र तयार करतो.

रंकाळावेस :

मी गोकुळ शिरगावमधील एका कारखान्यात डिस्पॅच पाहते. आमची कंपनी गेल्या वर्षी एका समूहात गेली आणि आम्हालाही हे सुरू झाले. यंदा मार्च महिन्यात अचानक हिशेब विभागाने प्रत्येक ट्रकची पोच मागायला सुरुवात केली. गाडी गेटबाहेर गेली, ई-वे बिल झाले, इन्व्हॉइस झाले, म्हणजे विक्री झाली, असेच आम्ही आजवर समजत आलो. पोचपावती आता विक्रीसाठी का लागते, हे कोणी नीट समजावून सांगितले नाही. आम्हाला वाटले आमच्यावर संशय आहे.

जमाखर्च :

ताई, संशयाचा यात काहीही संबंध नाही, आणि हे तुम्हाला आधी समजावून सांगायला हवे होते. आमच्याकडे घडलेला प्रसंग लिहितो.

३१ मार्च २०२४ रोजी संध्याकाळी आमच्या गेटवरून ब्रेक ड्रम आणि हाउसिंगच्या कास्टिंगने भरलेल्या तीन गाड्या निघाल्या. एक पुण्याकडे, दोन चेन्नईकडे. पुण्याची गाडी १ एप्रिलला पोहोचली, चेन्नईच्या गाड्या ४ तारखेला. जुन्या सवयीप्रमाणे तिन्ही बिले मार्चच्या विक्रीत होती. इंड एएस ११५ प्रमाणे मालावरचा ताबा ग्राहकाकडे जातो तेव्हा विक्री धरायची. ताबा कधी गेला हे खरेदी आदेशातील अटींवरून ठरते. आमच्या आदेशात लिहिले होते की, माल ग्राहकाच्या दारात पोहोचेपर्यंत वाहतूक, विमा आणि मोडतोडीची जबाबदारी पुरवठादाराची. म्हणजे त्या रात्री खंबाटकी घाटात पुण्याच्या गाडीला काही झाले असते तर तोटा आमचा होता. म्हणून तिन्ही बिले विक्रीतून काढली आणि तो माल वाटेवरचा साठा म्हणून खर्चाच्या किमतीला दाखवला. खरे सांगायचे तर जुन्या मानकातही जोखीम कोणाकडे हा प्रश्न होताच. आम्ही तो कधी विचारला नव्हता.

येथे एक अडचण येते. जीएसटीची देयता माल बाहेर काढताना इन्व्हॉइसवर येते, त्यामुळे मार्चच्या विवरणात ती विक्री राहते आणि पुस्तकांत मात्र एप्रिलमध्ये दिसते. हा फरक जीएसटीच्या वार्षिक जुळवणीत, नऊ-सी नमुन्यात, दाखवावा लागतो. त्यासाठीच पोचेच्या तारखेचा पुरावा हवा असतो. आम्ही आता डिस्पॅचच्या नोंदवहीत पोच तारखेचा एक रकाना वाढवला आहे आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ट्रान्सपोर्टवाल्याकडून त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पोचपावतीचा फोटो मागवतो. हा रकाना आमच्या डिस्पॅचमधील एका मुलाने सुचवला. आम्ही हिशेबवाले त्याआधी महिनाभर ईमेल पाठवत बसलो होतो.

साचा आणि भट्टी :

फौंड्रीचा हिशेब पाहणाऱ्यांसाठी याच मानकातील आणखी एक मुद्दा लिहितो, कारण माझ्या मते आपल्या धंद्यात खरी मेख तेथे आहे. स्क्रॅप आणि पिग आयर्नचे दर बदलले की ग्राहक कास्टिंगचा दर तिमाहीने किंवा सहामाहीने सुधारतो आणि बऱ्याचदा मागील तारखेपासून सुधारतो. त्याशिवाय ग्राहकाच्या मशीनशॉपमध्ये ब्लोहोल किंवा सँड इन्क्लुजन, म्हणजे कास्टिंगमध्ये हवेची पोकळी किंवा अडकलेली वाळू, निघाले की रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम कापल्याची चिठ्ठी, येते, आणि ती दोन-तीन महिन्यांनी येते. पूर्वी आम्ही डेबिट नोट आली की नोंदवत होतो. आता विक्री नोंदवतानाच किती रक्कम खरोखर मिळणार याचा अंदाज करावा लागतो. दर खाली येणार असे निर्देशांकावरून दिसत असेल तर तेवढी विक्री कमी धरायची. दर वर जाणार असेल तर तो वाढीव भाग तेव्हाच धरायचा, जेव्हा तो पुढे उलटवावा लागणार नाही याची भक्कम खात्री असेल.

आमच्या ऑडिटरांनी या अंदाजासाठी मागील तीन वर्षांच्या डेबिट नोटा मागितल्या. त्या काढताना लक्षात आले की, एकाच ग्राहकाच्या एकाच पार्टचे रिजेक्शन सतत जास्त आहे. हे क्वालिटी विभागाला माहीत होते, पण किती रुपयांचे आहे ते कोणालाच माहीत नव्हते. त्या पार्टची गेटिंग सिस्टीम, म्हणजे साच्यात धातू जाण्याच्या वाटा, नंतर बदलण्यात आली.

जमाखर्च :

फार मोलाचा मुद्दा. याला जोडूनच सांगतो. थकलेल्या येण्यांवर अपेक्षित बुडीताची तरतूद करताना आम्ही पहिल्यांदा मोठी चूक केली. येणी किती दिवस थकली आहेत यावरून टक्केवारीचा तक्ता करायचा असतो. आम्ही एकशे ऐंशी दिवसांवरील सर्व येणी त्यात टाकली आणि तरतूद भलतीच फुगली. ऑडिटरांबरोबर एकेक बिल पाहिले तेव्हा कळले की, त्यातील बहुतेक रक्कम ग्राहकाकडे पैसे नाहीत म्हणून थकलेली नव्हती. ती दराच्या वादामुळे किंवा रिजेक्शनमुळे अडकलेली होती. ग्राहकाची ऐपत नसणे वेगळे आणि ग्राहकाने रक्कम मान्यच न करणे वेगळे. पहिले बुडीत येण्यात जाते, दुसरे विक्रीतून वजा होते. दोन्ही मिसळले तर आपला ग्राहक दिवाळखोरीला आला आहे असे चित्र ताळेबंद वाचणाऱ्यापुढे उभे राहते, आणि ते त्या ग्राहकावर अन्याय करणारे असते.

उद्यमनगरकर :

आम्हाला लागू नाही, तरी हे सर्व वाचून डेबिट नोटांची यादी काढायला आजच सांगितले आहे. भाड्याच्या जागेबद्दल जे ऐकू येते ते काय आहे? आणि एमआयडीसीच्या प्लॉटचे काय?

करवीर सीए :

भाड्याबद्दल इंड एएस ११६ आहे, १ एप्रिल २०१९ पासून. बारा महिन्यांपर्यंतची भाडी आणि किरकोळ किमतीच्या वस्तू वगळता प्रत्येक भाडेकराराचे पुढील सर्व हप्ते आजच्या किमतीला आणून देणे म्हणून दाखवायचे आणि तेवढाच वापराचा हक्क मालमत्ता म्हणून दाखवायचा.

समजा, तयार कास्टिंग ठेवण्यासाठी पाच वर्षांच्या कराराने गोदाम घेतले, भाडे महिन्याला २ लाख आणि व्याजदर १० टक्के. साठ हप्त्यांची आजची किंमत सुमारे ९४.१३ लाख होते. पूर्वी दरवर्षी २४ लाख भाडे खर्ची पडत होते. आता पहिल्या वर्षी १८.८३ लाख घसारा आणि ८.७३ लाख व्याज, असे मिळून २७.५६ लाख पडतील. पाचव्या वर्षी व्याज १.२५ लाखांवर येऊन एकूण २०.०८ लाख पडतील. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे १२० लाखच आहे. पण भाड्याची ओळ नाहीशी होऊन घसारा आणि व्याज आल्यामुळे व्याज-घसाऱ्यापूर्वीचा नफा वाढलेला दिसतो. तो पाहून कोणी खूश होऊ नये आणि पहिल्या वर्षाचा घटलेला निव्वळ नफा पाहून कोणी घाबरू नये.

एमआयडीसीचा प्लॉट बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि त्याचा अधिमूल्याचा मोठा भाग सुरुवातीलाच भरलेला असतो. जुन्या लेखामानक १९ मधून जमिनीचे भाडेपट्टे वगळलेले होते, त्यामुळे अनेकांनी हे प्लॉट स्वतःच्या जमिनीसारखे दाखवले आणि त्यावर काहीच खर्ची टाकले नाही. इंड एएसमध्ये तो वापराचा हक्क होतो आणि उरलेल्या वर्षांवर तो विभागावा लागतो.

साचा आणि भट्टी :

आमच्या संचालकांना महामार्गालगतची मालकीची जमीन बाजारभावाने दाखवायची होती. पस्तीस वर्षांपूर्वी एकरात घेतलेली जमीन, आज गुंठ्यावर भाव. ते करावे का?

करवीर सीए :

प्रथम स्वीकाराच्या वेळी तशी मुभा आहे. एखाद्या मालमत्तेची त्या दिवशीची वाजवी किंमत हीच तिची मूळ किंमत मानता येते. किंवा सर्व स्थावर मालमत्ता आणि यंत्रे जुन्या पुस्तकी किमतीलाच पुढे नेता येतात, पण तो पर्याय घेतला तर सर्वांसाठी घ्यावा लागतो. माझा सल्ला बहुतेकांना दुसऱ्या पर्यायाचा असतो. जमिनीची किंमत वाढवली की राखीव निधी फुगतो, पण कंपनी कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे अशा न मिळालेल्या नफ्यातून लाभांश देता येत नाही. शिवाय भांडवलावरचा परतावा कायमचा कमी दिसू लागतो. बँकेला तारण किंमत दाखवण्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल पुरतो. त्यासाठी ताळेबंद हलवण्याची गरज नाही.

ऊस आणि हिशेब :

आणि आयकर? कागदावरचा नफा बदलला तर कर वाढतो का?

करवीर सीए :

सर्वसाधारण करपात्र उत्पन्न आयकराच्या स्वतःच्या दहा गणन मानकांवरून ठरते, त्यामुळे इंड एएसच्या कागदी फरकांवर थेट कर लागत नाही. ज्यांनी १९६१ च्या कायद्यातील कलम ११५बीएए खाली २२ टक्क्यांचा दर निवडला आहे, त्यांना किमान पर्यायी कराचाही, म्हणजे पुस्तकी नफ्यावरच्या कराचाही, प्रश्न नाही. जे त्या करात आहेत, त्यांच्यासाठी संक्रमणाचे बहुतेक फरक पाच वर्षांत समान भागांत धरण्याची तरतूद केलेली आहे. स्थगित कराची, म्हणजे पुस्तकी आणि करासाठीच्या हिशेबातील फरकामुळे पुढे येणाऱ्या कराची, गणना मात्र नव्याने करावी लागते आणि तीत वेळ जातो.

जमाखर्च :

आता दोन गोष्टी, ज्या कुटुंबाच्या कंपन्यांना लागू पडतील.

आमच्या मालकांनी आणि त्यांच्या थोरल्या बंधूंनी कंपनीला बिनव्याजी पैसे दिले आहेत. कोल्हापुरात ही रीतच आहे. अडचणीच्या वर्षी घरचा पैसा कंपनीत घालायचा आणि कागद करायचा नाही. इंड एएसच्या ऑडिटमध्ये पहिला प्रश्न आला की, हे पैसे कधी परत करायचे आहेत. मागताच परत करायचे असतील तर आहे तीच रक्कम चालू देण्यांत दिसते. पाच वर्षांनी परत करायचे ठरले असेल तर १ कोटीची आजची किंमत, १० टक्क्यांनी, सुमारे ६२.०९ लाख होते. तेवढेच कर्ज दिसते, उरलेले ३७.९१ लाख मालकांनी भांडवलात घातल्यासारखे भांडवली बाजूला जातात, आणि पहिल्याच वर्षी ६.२१ लाख व्याज खर्ची पडते, जे प्रत्यक्षात कोणालाही दिलेले नसते. मालकांना हे समजावताना मला दोन बैठका लागल्या. शेवटी त्यांनीच विचारले, "म्हणजे आम्ही फुकट वापरू दिलेल्या पैशाची किंमत पहिल्यांदा लिहिली, असेच ना?" होय, तसेच आहे. त्यानंतर दोघा भावांनी बसून परतफेडीचा करार केला. एवढ्या वर्षांत तो झालेला नव्हता, आणि पुढच्या पिढीच्या दृष्टीने तो होणे मला फार आवश्यक वाटत होते.

दुसरी गोष्ट अनुदानाची. सामूहिक प्रोत्साहन योजनेत विस्तारासाठी मिळालेले अनुदान आम्ही भांडवली राखीव निधीत ठेवले होते आणि जुन्या मानकात प्रवर्तकांच्या हिश्श्यासारख्या अनुदानाला ती वाट मोकळी होती. इंड एएस २० मध्ये ती वाट नाही. अनुदान ज्या खर्चासाठी आहे, त्या खर्चाच्या कालावधीत ते उत्पन्नात आणावे लागते. ईपीसीजी योजनेत, म्हणजे निर्यातीच्या अटीवर यंत्रांना आयात शुल्काची सवलत देणाऱ्या योजनेत, मोल्डिंग लाइन आयात करताना वाचलेली कस्टम ड्युटी हेसुद्धा अनुदानच ठरते, हे तर आम्हाला ऑडिटमध्येच कळले. निर्यातीची अट किती पूर्ण झाली याची नोंद एक्स्पोर्ट विभागाकडे होती. तिचा आणि ताळेबंदाचा संबंध त्या दिवसापर्यंत जोडला गेला नव्हता.

रंकाळावेस :

जमाखर्च दादा, पोचेचे समजले. आमच्या विभागातील सर्वांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. एक विचारते. ग्राहकाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना, आपल्याकडे पडून असतो, त्याची नोंदही आता लागते का? आमच्या शेडमध्ये चाळीसएक पॅटर्न आहेत आणि कोणता कोणाचा हे फक्त आमच्या जुन्या पॅटर्नशॉपच्या मामांना ठाऊक आहे. ते जूनमध्ये निवृत्त होत आहेत.

जमाखर्च :

ताई, ते निवृत्त होण्यापूर्वी ही यादी अवश्य करून घ्या. ग्राहकाने पूर्ण पैसे देऊन मालकी स्वतःकडे ठेवलेला पॅटर्न आपली मालमत्ता होत नाही. पॅटर्नचा खर्च कास्टिंगच्या दरात प्रतिनगामागे वसूल होत असेल तर तो कोणाचा, हे करारावरून ठरते आणि विक्रीची नोंदही त्यावरून बदलते. आम्ही प्रत्येक पॅटर्नवर पितळी बिल्ला ठोकला आहे. त्यावर पार्ट क्रमांक, ग्राहकाचे संकेताक्षर आणि मालकी, म्हणजे आपली की त्यांची, एवढेच कोरलेले आहे. यादीत खरेदी आदेशाचा क्रमांक, किती रक्कम मिळाली आणि किती नगांनंतर वसुली पूर्ण होणार, हे तीन रकाने ठेवा. मामांकडून माहिती घेताना शेजारी मार्केटिंगचा माणूस बसवा, म्हणजे आदेश तिथल्या तिथे शोधता येतील. आमच्याकडे सहा पॅटर्न असे निघाले, ज्यांचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचेच राहून गेले होते. त्यांतील चारांचे मिळाले, दोन ग्राहकांशी बोलणे चालू आहे.

यादीचा आमचा नमुना येथे चिकटवतो आहे. आपल्या सोयीप्रमाणे बदल करून वापरा.

पॅटर्न क्रमांक | पार्ट क्रमांक | ग्राहक | मालकी | खरेदी आदेश व तारीख | ठरलेली रक्कम | मिळालेली रक्कम | वसुलीचे एकूण नग | आजवर गेलेले नग | शेडमधील जागा